गोजराबाईचं पडणं

गोजराबाई पडली ही बातमी बंगळुरात, बनशंकरीतल्या त्यांच्या गल्लीत तिच्या आधी पोचली. ती अजून शाळेच्या व्हरांड्यात मनगट धरून बसली होती, तोवर कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तिच्या सुनेला सांगूनही टाकलं, की तुमच्या सासूचं कंबरडं मोडलं. मोडलं होतं मनगट. पण बातमीला मनगट पुरत नाही, तिला कंबर लागते.

साल पंच्याण्णव. बाईची पन्नाशी उलटून गेलेली. माहेर-सासर दोन्ही निपाणीकडचं. नवरा नागोजी बंगळुरात गिरणीत लागला म्हणून ती इकडं आली, आणि नागोजी गेल्यावर घराजवळच्या एका शाळेत आया म्हणून कामाला लागली. लहान पोरांची नाकं पुसायची, डब्यांची घट्ट झाकणं उघडून द्यायची, व्हरांडा धुवायचा. आणि सगळ्यांत मोठं काम घंटेचं. व्हरांड्याच्या टोकाला पितळेची जाड थाळी टांगलेली होती, ती लाकडी हातोड्यानं वाजवायचा मान एकट्या गोजराबाईचा. हेडमास्तरीणबाई कितीही शिकलेल्या असोत, शाळा सुटायची ती गोजराबाईनं सोडल्यावर.

त्या दिवशी व्हरांडा धुतलेला, पाणी निथळायचं होतं, आणि मधल्या सुट्टीची वेळ झाली. बाई घंटेकडं लगबगीनं निघाली आणि घसरली. पडताना माणूस हात टेकतो. तिनंही टेकला. अख्ख्या देहाचा भार त्या एका मनगटावर आला.

प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा मुलगा वासुदेव दारातच उभा. हा आनेकलच्या बाजूला एका कारखान्यात सुपरवायझर. हाताखाली माणसं असल्यामुळं त्याला घरीही हुकूम सोडायची सवय लागली होती, पण मनानं गरीब.

"आता बास झालं आई. नोकरी सोड. घरात बस."

"बसून काय करू?"

"काही करू नकोस. तेच तर सांगतोय."

त्याचंही चुकत होतं असं नाही. त्याची आजी, म्हणजे गोजराबाईची सासू विठाबाई, न्हाणीत पाय घसरून पडली होती. खुब्याचं हाड गेलं. मग ती खाटेवरून उठलीच नाही. वासुदेव तेव्हा शाळेत जायचा. घरातला तो वास, ते कण्हणं त्यानं पाहिलेलं. म्हातारं माणूस एकदा पडलं की संपलं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात तेव्हापासून खिळ्यासारखी बसलेली.

गोजराबाईनं मात्र त्याच खाटेची दुसरी बाजू पाहिली होती. सासूचं सगळं तिनंच केलं होतं. तिला ठाऊक होतं, की विठाबाई पडण्याच्या कितीतरी आधीच बसली होती. अंगणात जाऊ नका, पायरी उतरू नका, ओल्यात पाय घालू नका, असं करत करत घरच्यांनी तिला खुर्चीत बसवली होती, आणि बसून बसून पायांतलं बळ गेल्यावर ती न्हाणीपर्यंत जायला उठली आणि पडली. हे कुणी बोलत नाही. सगळे म्हणतात, पडली म्हणून बसली.

प्लास्टर निघाल्यावर ती सरळ शाळेत गेली. हेडमास्तरीणबाईंनी बोलावून घेतलं. वाईट नव्हत्या, पण नियमाच्या होत्या.

"गोजरम्मा, तुमचा मुलगा येऊन गेला. मी त्याला म्हटलं, बघू. पण पुन्हा एकदा पडलात तर मला ठेवता येणार नाही. शाळेत लहान मुलं आहेत, उद्या कुणाला घेऊन पडलात तर?"

"सरी मॅडम," गोजराबाई कानडीत 'बरं' म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आणि त्या दिवसापासून ती भिंत धरून चालायला लागली. थाळीकडं जाताना एक हात भिंतीवर, जिन्यावर कठडा, ओली फरशी दिसली की वळसा. पोरं पुढं पळायची आणि ही मागं, जणू विठाबाईच अंगात आली होती. हे लक्षात आलं तेव्हा तिला असा राग आला, की तिथंच भिंतीला हातोडा मारावा.

शाळेच्या मागच्या हॉलमध्ये संध्याकाळी मुलींचा ज्युदोचा वर्ग भरायचा. काथ्याच्या गाद्या अंथरायच्या, त्यावर जाडं कॅनव्हास ताणून बांधायचं, आणि वर्ग संपला की हॉलला कुलूप लावायचं, हे काम गोजराबाईकडं. शिकवायला श्यामला मिस यायच्या. कानडी बाई, अंगानं बारीक. कुठल्याशा ऑफिसात खेळाडू म्हणून नोकरीला लागलेल्या. गोजराबाईला त्या अक्का म्हणायच्या. इतके दिवस बाई दाराशी बसून वाती वळायची आणि आतला धबाधब आवाज ऐकून म्हणायची, पोरींना आईबापांनी मारलं तेवढं पुरलं नाही वाटतं.

त्या संध्याकाळी तिनं वाती बाजूला ठेवल्या आणि नीट बघितलं. पोरी एकमेकींना पाडत नव्हत्या. नुसत्या पडत होत्या. उभ्या राहायच्या, मागं कलायच्या, धप्प. उठायच्या, पुन्हा धप्प. आणि एकीचंही मनगट मोडत नव्हतं. उलट हसत होत्या.

"मिस," वर्ग सुटल्यावर तिनं कानडीत विचारलं, "ह्या पोरी पाडापाडी कधी शिकणार?"

"आधी पडायला शिकायचं अक्का. ज्याला पडता येत नाही त्याला आम्ही दुसऱ्याला हात लावू देत नाही."

"पडायला शिकवतात?"

"पहिलं तेच शिकवतात."

गोजराबाईच्या हातातलं कुलूप हातातच राहिलं. निपाणीकडं तालमीच्या दारात बाईची सावलीसुद्धा चालत नव्हती. तिथं भाऊ, दीर, नवरा सगळे माती लावून आले, पण पडायचं कसं हे घरात येऊन कुणी सांगितलं नाही. पाडलं कसं तेवढं सांगायचे.

"मग मला शिकवा," ती म्हणाली.

मिस हसल्या. मग तिच्या तोंडाकडं बघून हसायच्या थांबल्या. "डॉक्टरला विचारून या."

विचारलं. पण विचारण्यात तिनं थोडी हुशारी केली. "डॉक्टर, जमिनीवर झोपून उठायचा व्यायाम केला तर चालंल का?" डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं जुळलंय, काय करायचं ते सावकाश करा. 'काय करायचं ते' एवढं बाईनं घेतलं आणि 'सावकाश' मिसला दिलं.

आता कपड्यांचा प्रश्न. अंगरखा मिसनी आणून दिला, कुणाचा तरी जुना, गोधडीसारखा जाड. खाली काय घालायचं? पातळ नेसून पाय वर करता येईना. सुनेची सलवार मागावी तर बोभाटा. शेवटी तिनं ट्रंकेतून नागोजीचा पांढरा लेंगा काढला. नाडी नवी ओवली. माणूस गेल्याला वर्षं झाली होती, लेंगा अजून धड होता. नागोजी आयुष्यभर तिच्या पुढं चार पावलं चालून मागं वळून म्हणायचा, "अगं हळू, पडशील." आता त्याच्याच लेंग्यात ती पडायला निघाली.

पडू नकोस, असं लेकानं बजावलेलं, पडलात तर नोकरी गेली, असं हेडमास्तरीणबाईंनी बजावलेलं, आणि ही बया शाळा सुटल्यावर हौसेनं पडायला जाऊ लागली.

सुरुवात झोपून झाली. उताणं पडायचं, हनुवटी छातीला लावायची, डोळे अंगरख्यावर बांधलेल्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायचे आणि दोन्ही हात जमिनीवर आपटायचे. डोकं टेकता कामा नये. एवढंसं काम, पण मान थरथरायला लागली. हात आपटायचं तिला सोपं वाटलं, जन्मभर भाकऱ्या थापलेल्या. पण तिनं थापलं तळव्यानं, आणि तळवा असा चुरचुरला की काय सांगावं.

"नुसता पंजा नाही अक्का. खांद्यापासून बोटापर्यंत सगळा हात. मार सगळ्या हाताला वाटून द्यायचा. एकट्या मनगटाला नाही."

हे मात्र तिला तिथल्या तिथं पटलं. घरातसुद्धा सगळा भार एकावर आला की तो मोडतो.

झोपून झालं, बसून झालं, मग उकिडवं बसून मागं पडायचं. उकिडवं बसण्यात त्या इंग्रजी शाळेतल्या पोरींपेक्षा ती सरस, तासभर बसेल. पण मागं जायची वेळ आली की उजवा हात आपोआप मागं जायचा, टेकायला. मिस हातावर टपली मारायच्या. पुन्हा जायचा. मनगट जुळलं होतं, पण भीती जुळली नव्हती. एकदा मिसनी तिच्या दोन्ही हातांत वाती वळायचा कापूस धरायला दिला, म्हणाल्या, हा सुटता कामा नये. कापूस धरून ती पडली. हात टेकला नाही. कापूस घट्ट मुठीत, आणि आपण पडून झालो हे तिला पडून झाल्यावर कळलं.

घरी सांगितलं नव्हतं. पण कपडे वाळत घातल्यावर लपत नाहीत. समोरच्या तानूबाईनं एकदा गॅलरीतून हाक मारली, "अहल्या, पाहुणं आल्यात का कोण? लेंगा वाळतोय."

अहल्या म्हणजे वासुदेवची बायको, गोजराबाईच्या सख्ख्या भावाची लेक. म्हणून सासूला ती आत्याच म्हणायची, आणि सासऱ्याला मामा. तिनं दोरीवरचा लेंगा काढला, उलटापालटा करून बघितला, आणि स्वयंपाकघरात येऊन सासूपुढं धरला.

"आत्या, हा मामांचा लेंगा."

"व्हय."

"मामा तर येऊन घालून गेले नसतील."

गोजराबाईनं परातीतलं पीठ मळायचं थांबवलं नाही. मळता मळता सगळं सांगितलं. अहल्या ऐकत बसली. मध्येच तिनं तोंडाला पदर लावला. हसत होती की घाबरली होती ते सांगता येणार नाही.

"ह्यांना कळलं तर?"

"तू सांगितलंस तर कळंल."

"मी कशाला सांगू? मला विचारलं तर म्हणेन, पडदे करायला काढलाय." मग जरा वेळानं, "पण आत्या, कसं पडायचं ते दाखवा की."

पोळपाटाशेजारी उभं राहून गोजराबाईनं तिला दाखवलं, मान कुठं, हात कसा, आणि वर्गातल्या पोरी एकमेकींची बाही धरून पाय कसा काढतात तेही. अहल्येनं ते असं लक्ष देऊन बघितलं, की त्या वेळची एक भाकरी करपली.

अडचण पुढं आली. उभ्यानं पडणं जमायला लागल्यावर मिस म्हणाल्या, "आपण होऊन पडणं हे अर्धंच. व्हरांडा काय तुम्हाला विचारून पाडणार आहे? आता दुसऱ्यानं पाय काढायचा, आणि तुम्ही पडायचं."

जोडीला सिद्धी दिली. ही पुण्याहून नवीन आलेली, बाप कॉम्प्युटरच्या कंपनीत. बारा-तेरा वर्षांची, धीट, वर्गातल्या सगळ्या पोरींना आडवं करणारी. तिनं गोजराबाईचा अंगरखा छातीशी धरला, बाही धरली, पाऊल पुढं टाकलं आणि पायाचा तळवा बाईच्या घोट्याला लावला. लावला मात्र, हात सोडून खाली वाकली, घोट्याला हात लावला आणि तो हात छातीला नेला.

"सॉरी आजी. पाय लागला."

"अगं, लावायचाच आहे," मिस म्हणाल्या. "पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मिस म्हणाल्या, बरं, अक्का, तुम्ही काढा हिचा पाय, म्हणजे तिची भीड चेपेल. गोजराबाईनं पाय टाकला. कुमारिकेला पाय लागला. देवीच ती. बाई चटकन नमस्काराला वाकली. त्याच क्षणी सिद्धी, आजी आपल्या पाया पडतेय हे बघून, ते फेडायला वाकली. दोघींची डोकी खणकन एकमेकींवर आपटली. पोरी गादीवर लोळून हसायला लागल्या. तेवढ्या दिवसांत बाईला झालेली जखम ती एकच, कपाळावर टेंगूळ.

पण घरी जाताना तिला हसू येईना. एवढ्या लांब आलो आणि अडकलो कशात, तर मानात. कुणी पाय लावायला तयार नाही. आजी म्हणतात, अक्का म्हणतात, वाकून नमस्कार करतात, आणि पाडत मात्र नाहीत. विठाबाईलाही असंच सगळ्यांनी मानानं खुर्चीत बसवलं होतं. ज्याला कुणी पाडायलाही धजत नाही, ते माणूस खाटेवर गेल्यातच जमा.

दुसऱ्या वेळेस ती मिसपुढं उभी राहिली. "मिस, वर्ग सुरू करताना तुम्ही सगळ्या वाकता, त्ये कशासाठी?"

"तो नमस्कार. समोरच्याला. खेळायच्या आधी आणि नंतर."

"म्हंजे आधीच मागून घेतलेली माफीच की."

मिसनी जरा विचार केला. ज्युदो काढणाऱ्यांनी असं काही म्हटलं असेल असं त्यांना वाटलं नाही, पण त्याही घरी पाय लागला की हात लावणाऱ्यांतल्याच. "असं धरा," त्या म्हणाल्या. "आज संध्याकाळी जेवढे पाय लागतील तेवढ्या सगळ्यांचा नमस्कार एकदम."

"मग जरा खाली वाकू दे," गोजराबाई म्हणाली. "खूप लाथा बसायच्या हायत."

आणि सिद्धीकडं वळून म्हणाली, "पोरी, मी तुला आगाऊ माफ केलं. आता मधी वाकलीस तर मात्र माफ करायची न्हाई."

दोघी समोरासमोर वाकल्या, अशा की सिद्धीची वेणी गादीला टेकली. मग पोरीनं बाही धरली, ओढली आणि पाय काढला. छत फिरलं. गाठ दिसली. हात आपोआप आपटला, खांद्यापासून बोटापर्यंत. पोरीनं तिची बाही शेवटपर्यंत सोडली नव्हती, पाडणाऱ्यानं ती सोडायची नसते. गोजराबाई पडल्या पडल्या म्हणाली, "पुन्हा."

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण एके दिवशी वासुदेवच्या कारखान्यात लवकर सुट्टी झाली आणि आईला बरोबर घेऊन जावं म्हणून तो शाळेत आला. हॉलच्या दारात आला तेव्हा आत त्याची आई, त्याच्या बापाच्या लेंग्यात, हवेत होती.

वर्ग सुटेपर्यंत तो दाराशी थांबला. कुलूप त्यानंच लावलं. गल्लीभर तो पुढं, ही मागं, आणि तो सारखा वळून तिच्या पायांकडं बघत होता, बापासारखाच.

घरात शिरल्यावर मात्र बांध फुटला. "तू वेडी झालीयास का काय? लोकांच्या आया देवळात जातात. भजनाला बसतात. तू एवढ्याशा पोरीकडून लाथा खातेस?"

"खाते."

"आजीचं काय झालं विसरलीस?"

"तिचं मी केलंय वासू. तू नुसतं बघितलंस."

त्यानं तो विषयच सोडला. मग म्हणाला, "मी उद्या हेडमास्तरीणबाईंना सांगणार. नोकरी बंद. मी कमावतो, तुला काय कमी आहे?"

"पडायला जागा कमी हाय," गोजराबाई म्हणाली. "तुमच्या घरात बसायला लई जागा हाय."

तिनं आतून घोंगडं आणलं, दुहेरी केलं, खाली गादी, वर घोंगडं, आणि मधल्या खोलीतल्या लाल जमिनीवर अंथरलं. गादीशिवाय पडणार नाही, असा मिसला शब्द दिलेला होता. पदर खोचला. "ये. पाड मला."

"आई, काहीतरीच."

"मी पडले तर मोडते, असं तुझं म्हणणं. मग बघ मोडते का. उद्या बाईंना सांगशील ते बघून सांग."

"आईला पाय लावू मी?"

"त्यासाठी आधी नमस्कार करतात," असं म्हणून ती त्याच्यापुढं वाकली. खाली, रीतसर.

आईनं लेकापुढं वाकायचं म्हणजे लेकाचं आयुष्य उणं होतं, हे तिनंच त्याला लहानपणी शिकवलेलं. वासुदेवचा चेहरा पांढरा पडला. "ए आई, नको, नको," म्हणत तो धावत येऊन तिच्या पायांवरच पडला, आणि पायांना मिठी मारून बसला. पाडायचं राहिलं बाजूला, आता तर तिला हलताही येईना.

"बघ," गोजराबाई वरून म्हणाली. "असंच धरून ठेवलं होतं तुझ्या आजीला."

तेवढ्यात अहल्या स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसले. "अहो, सरका स्वल्प, थोडं बाजूला."

तो सरकला, कारण तिचा आवाज कधी नव्हे तो सुपरवायझरचा होता. अहल्या सासूसमोर उभी राहिली आणि कमरेतून वाकली. सासूही वाकली.

"आत्या, सगळं माफ ना?"

"मागचं पुढचं सगळं. पण बाही सोडू नको."

अहल्येनं दंडाशी ब्लाउजची बाही आणि खांद्याशी पातळ धरलं, जसं पोळपाटाशेजारी बघितलं होतं तसं, आणि सासूचा पाय काढला. जरा जास्तच काढला. सूनच ती, एवढी संधी कोण सोडतंय? धाडदिशी आवाज झाला, फळीवरची भांडी वाजली. समोरून तानूबाई गॅलरीत आली.

वासुदेवनं डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा आई घोंगड्यावर उताणी, हनुवटी छातीला, डोळे पोटावर, हात बाजूला पसरलेले. ती तशीच पडून होती, आणि त्याचा हात आपोआप पुढं गेला.

"हात नको," ती म्हणाली. कुशीवर वळली, गुडघा घेतला, उठली. मनगट त्याच्या नाकासमोर फिरवून दाखवलं.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"लागलं की. पडल्यावर लागणार नाही का? मोडलं न्हाई."

"अहल्या, पडलं काय ग?" समोरून तानूबाईनं विचारलं.

"सासूबाई," अहल्या म्हणाली. "मीच पाडलं."

तानूबाई आत गेली. ही बातमी दुकानापर्यंत जाईस्तोवर काय झाली असेल ते देवाला ठाऊक.

वासुदेव त्या रात्री लवकर जेवून उठला. सकाळी शाळेत जायला आई निघाली तेव्हा तोही चपला घालून निघाला. अहल्येला वाटलं, चालला सांगायला. पायऱ्यांवर सवयीनं त्यानं आईचा दंड धरला.

"बाजूला हो," गोजराबाई म्हणाली. "धरलंस की मला नीट पडता येत न्हाई."

त्यानं हात काढला. कोपऱ्यापर्यंत तिच्या मागून चालला, तिथून बसस्टॉपकडं वळला आणि कामाला गेला. शाळेत गेलाच नाही. तेवढंच त्याचं कबूल करणं. पुढं त्यानं त्या विषयावर तोंड म्हणून उघडलं नाही, फक्त दिवाळीला आईसाठी एक नवा पांढरा लेंगा आणला आणि अहल्येच्या हातून दिला. बाईनं तो ठेवून दिला. जुनाच वापरते म्हणाली, त्याला पडायची सवय झालीय.

आणि हेडमास्तरीणबाई? तो नियम अजून उभाच होता. पुन्हा पडलात तर ठेवणार नाही.

जानेवारीत एका सकाळी कुण्या पोराची पाण्याची बाटली व्हरांड्यात सांडली. मधल्या सुट्टीची वेळ, गोजराबाई हातोडा घेऊन थाळीकडं निघालेली. आता ती भिंत धरत नव्हती. पाय सरकला, आणि नेमक्या त्याच वेळी हेडमास्तरीणबाई ऑफिसातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं पाहिलं. हातोडा एकीकडं उडाला, बाई दुसरीकडं. फाडकन आवाज झाला, बंदूक उडाल्यासारखा, आणि चौथीच्या वर्गातली मुलं दाराशी धावली.

गोजराबाईचे डोळे पोटाशी होते, जिथं गाठ असायची तिथं. हात खांद्यापासून बोटापर्यंत फरशीवर. डोकं वरच. खाली गादी नव्हती, मिसला दिलेला शब्द मोडला होता, पण ती चूक सांडलेल्या पाण्याची. फरशी थंड होती, ढुंगणाला चांगलंच लागलं होतं. ती वळली, गुडघा घेतला आणि उठली.

"गोजरम्मा," हेडमास्तरीणबाई छातीला हात लावून म्हणाल्या, "बिद्रा?" पडलात?

सगळी पोरं बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि तिला म्हणायचंही नव्हतं.

"व्हय मॅडम, पडले. आता काय करू सांगा."

हेडमास्तरीणबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग मनगटाकडं, मग पोरांकडं. मग थाळीकडची वाट सोडून त्या बाजूला झाल्या. चौथीतल्या एका पोरानं हातोडा उचलून आणून दिला होता. गोजराबाईनं तो उजव्या हातात घेतला, त्याच हातात.

"उशीर झालाय," ती म्हणाली, आणि थाळीकडं जाऊन घंटा दिली. रोजच्यापेक्षा जरा मोठीच.